गाव नसलेल्यांचा मे महिना

आम्हाला गाव नाही. म्हणजे लग्नपत्रिकेत छापण्यापुरतं आहे. सातारा जिल्ह्यातलं एक नाव, जिथलं घर खापरपणजोबांच्या काळात पडलं आणि जमीन त्याच्याही आधी गेली. आता तिथे फक्त कुलदैवत आहे. चार-पाच वर्षांतून कधीतरी जातो, नारळ फोडतो आणि त्याच दिवशी परत येतो. शाळेत असताना शेवटचा पेपर झाला की वर्गातल्या अर्ध्या मुली गुहागर, देवरुख, मालवण अशी नावं घ्यायला लागायच्या. मी कंपासपेटी आवरत बसायचे. मे महिना मी पुण्यात काढला. सगळेच मे महिने पुण्यात काढले, आणि लग्नही अशाच घरात झालं ज्यांना गाव नाही.

आता चाळिशी उलटल्यावर कोणी म्हणालं, चल मेमध्ये कोकणात, तर मी आधी कॅलेंडर बघेन. इथे बरंच काही चालू असतं आणि त्यातलं थोडं माझ्यावाचून अडतं.

पूर्वी मेमध्ये पुणं रिकामं व्हायचं, असं जुनी माणसं सांगतात. आता तसं काही होत नाही. पण पिवळ्या स्कूलबस बंद होतात, क्लासच्या दारातली दुचाक्यांची गर्दी पातळ होते आणि आमच्या इमारतीतल्या बऱ्याच दारांना कुलपं लागतात. कुलपं लावणारे किल्ल्या आमच्याकडे ठेवून जातात. कुणाच्या कुंड्यांना पाणी घालायचं असतं, कुणाच्या टाकीतल्या माशांना खाणं टाकायचं असतं. “तुम्ही काय, इथेच असता ना!” हे वाक्य किल्लीबरोबर फुकट मिळतं. मी हसून दोन्ही घेते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत मोगरा आहे. पाणी घालणाऱ्याने फुलं न्यायची, असा अलिखित करार आहे आणि माझ्या बाजूने तो कधीही मोडलेला नाही.

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे आणि उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असते. दुपारी पारा ३८-३९ अंशांवर गेला तरी पहाटे तो २२-२३ पर्यंत उतरतो. मुंबईची माझी मावशी म्हणते, “तुमच्याकडे ऊन फार, पण निदान माणूस वाळतो तरी.” संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो. समुद्रावरून निघून घाट चढून आलेला वारा. दिवसभर निपचित लोंबणारा पडदा पहिल्यांदा हलला की घरातलं कोणीतरी “आला” म्हणतंच. तर दिवसाला अशी दोन चांगली टोकं असतात आणि मधली दुपार खिडक्या लावून काढायची असते. ऑफिस अर्थातच त्या मधल्या भागात येतं. तिथे एसी असतो. एसीत शाल पांघरून बसणाऱ्यांनी उन्हाळ्याबद्दल कुरकुर करू नये, असं माझं मत आहे. सगळे करतात. मीही करते.

पहाटेचं टोक कोकिळापासून सुरू होतं. चार वाजता. ओरडणारा नर असतो, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा, आणि तो एका वरच्या सुरावरून दुसऱ्या आणखी वरच्या सुरावर जातो तेव्हा झोपलेल्या माणसाला त्यात काव्य वगैरे काही सापडत नाही. मग उठायचंच झालं तर टेकडीवर जावं. मी कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडी चढते. पुण्याच्या टेकड्यांमधली ही सगळ्यात उंच, आणि मेमध्ये सगळ्यात रूक्ष दिसणारी. गवत वाळून कडक झालेलं, वाटेवर पायाखाली सरकणारी खडी. झाडं म्हणावीत तर बरीचशी गिरिपुष्पाची. टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून कधीकाळी लावलेलं हे परदेशी झाड, ज्याच्याखाली फारसं काही उगवत नाही. तरी माणसं येतात. कानटोपी थंडीत घालणारे काका उन्हाळ्यातही घालतात, शेअर बाजारावर बोलणारे त्रिकूट असतं, हास्यक्लबवाले असतात, आणि टेकडी फोडून रस्ता काढायच्या विरोधात सह्या घेणारी मुलं असतात. सही मी केलेली आहे. तरीही ती दर वेळी विचारतात आणि दर वेळी पुन्हा सगळं समजावून सांगतात. ऐकायला मला आवडतं.

वरच्या जुन्या दगडखाणीत पावसाचं साठलेलं पाणी मेमध्ये पार तळाशी जातं. नेमकं तेव्हा तिथे बसावं. आजूबाजूला पाणी नसल्यामुळे सगळे पक्षी तिथेच येतात; बुलबुल, सातभाई, होले, आणि लवकर गेलं तर मोरही. तांबट मात्र दिसायला वेळ लागतो. चिमणीपेक्षा थोडासाच मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. त्याचं टुक टुक टुक भर उन्हातही थांबत नाही, आणि डोकं इकडून तिकडे फिरवत तो ओरडतो म्हणून आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. मे संपायला आला की पावशा ‘पेरते व्हा’ म्हणत फिरतो. पुण्यात पेरायला जमीन कुणाकडे उरली आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

उतरताना वावळ लागतो. हा माझा फार लाडका, आणि फार कमी लोकांना नावाने ठाऊक असलेला वृक्ष आहे. उन्हाळ्यात त्याच्या फांद्यांवर चपट्या गोल पापड्या लगडतात, आधी पोपटी आणि वाळल्यावर कागदी तपकिरी. वारा आला की शेकडोंनी सुटतात आणि गिरक्या घेत रस्ताभर पसरतात. मूठभर गोळा करायच्या, दोन्ही तळहातांमध्ये चोळायच्या, फुंकर मारून साल उडवायची. आत जो इवलासा दाणा राहतो त्याची चव चारोळीसारखी लागते. आमच्या शाळेच्या मैदानात वावळ होते आणि मधल्या सुट्टीत डबा सोडून आम्ही हे उद्योग करायचो. परवा टेकडीच्या पायथ्याशी मी चोळून खात होते तर एक तरुण मुलगी थांबली आणि म्हणाली, “मॅम, हे सेफ आहे?” मी तिच्या हातावर चार दाणे ठेवले. तिने एक खाल्ला, थोडा वेळ विचार केला आणि बाकीचे तीन खाऊन टाकले.

झाडांचंच निघालं आहे तर सांगते. मे महिन्यात पुण्यातून बसने जाताना खिडकी मिळणं ही चैन आहे. सोनमोहोराखाली रात्रभर लावलेल्या गाड्या सकाळी पिवळ्या होतात. गुलमोहोर तर कोणालाही दिसतो. मादागास्करहून आलेला हा पाहुणा इतका आपला झाला आहे की मुलांना उन्हाळ्याचं चित्र काढायला सांगितलं की पहिल्यांदा तोच काढतात. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस, असा जुना ठोकताळा आहे आणि दर वर्षी मी बहाव्याचा पहिला झुपका दिसला की कॅलेंडरवर पेन्सिलने खूण करते. हिशेब कधी जमतो, कधी नाही. बहाव्याला त्याचं काही नसतं. पण माझं खरं प्रेम ताम्हणावर आहे. जांभळ्या, चुरगळलेल्या मलमलीच्या पाकळ्या. महाराष्ट्राचं राज्यफूल आहे ते, आणि शंभरातल्या नव्वद लोकांना दाखवलं तर म्हणतील, छान आहे, कुठलं हो हे?

सकाळी नऊनंतर टेकडी संपते आणि गच्ची सुरू होते.

आमच्या इमारतीत पूर्वी दहा-बारा घरांची वाळवणं गच्चीवर पडायची. आता तीन घरं उरली आहेत. सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, आग्रह असतो की कुरडया घरच्याच. विकत मिळतात, चांगल्या मिळतात, कदाचित आमच्यापेक्षा चांगल्या मिळतात. पण विकतच्या कुरडईबरोबर चीक मिळत नाही, आणि या एका मुद्द्यावर मी निमूटपणे त्यांच्या बाजूला जाते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, गाळून, सत्त्व खाली बसू द्यायचं आणि वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत घरभर एक आंबूस वास भरतो. मुलगा नाक दाबून फिरतो आणि सुनावणी आईंसमोर होते. पहाटे मोठ्या पातेल्यात पाणी, मीठ, हिंग उकळून त्यात सत्त्व घालून घोटायचं. हे घोटणं म्हणजे शुद्ध अंगमेहनत आहे. लाकडी दांडा दोघांनी धरावा लागतो. चीक चमकायला लागला, काचेचा तुकतुकीतपणा आला की झालं. मग ऊन चढायच्या आत गच्चीवर प्लास्टिक अंथरून सोऱ्याने कुरडया घालायच्या.

पण त्याआधी वाट्या येतात. गरम चीक, त्यावर तूप, कोणाला दूध-साखर, कोणाला नुसतं कच्चं तेल आणि तिखट. इमारतीत जी माणसं वाळवण घालत नाहीत त्यांना नेमकं त्याच वेळी गच्चीवर काही काम निघतं. चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारी दोन मुलं, एक बिहारचा आणि एक केरळचा, पहिल्या वर्षी टाकीचा कॉक बघायला म्हणून आली होती. आता आदल्या रात्री येऊन विचारतात, “आंटी, कल कितने बजे?” आणि दांडा तेच घोटतात.

उडदाच्या पापडांच्या लाट्या हा वेगळा विषय आहे. तेलात बुडवून खायच्या, पोट बिघडेपर्यंत खायच्या. त्यावर जास्त लिहिलं तर भूक लागेल.

राखण करायला एक माणूस लागतो, कारण कावळे. राखणदार अर्थातच सुट्टी लागलेली मुलं. जिन्याच्या खोलीच्या सावलीत चटई, हातात काठी, शेजारी माठ, आणि पत्त्यांचा जोड. झब्बू, बदाम सात, मेंढीकोट. मोबाइल वर न्यायचा नाही असा नियम आम्ही घातलेला नाही. उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही आणि फोन तापून स्वतःच बंद पडतो. उन्हाळा अशी काही कामं परस्पर करून टाकतो. माठाचंही तेच. भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या मातीतून पाणी झिरपतं, बाहेरच्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. बाहेर जितकं कोरडं ऊन तितका माठ गार. पावसाळ्यात तोच माठ हात टेकतो. आई त्यात वाळ्याची जुडी टाकतात आणि फ्रिजचं पाणी पिणाऱ्याकडे अशा नजरेने बघतात की तो बाटली परत ठेवतो.

याच गच्चीवर मे महिन्यात आमचा एक सार्वजनिक कार्यक्रम होतो. शून्य सावलीचा दिवस. पुण्यात तो १३ मेच्या आसपास येतो. सूर्य बरोबर डोक्यावर, आणि वेळ दुपारी १२ वाजून ३१ मिनिटं. बारा वाजता का नाही, हा प्रश्न मुलं दर वर्षी विचारतात. आपली घड्याळं पूर्वेकडच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाच्या हिशेबाने चालतात, पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला आहे, म्हणून आपल्याकडे सूर्याला डोक्यावर यायला अर्धा तास जास्त लागतो. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातून जातं. त्यामुळे आपल्या राज्यातल्या प्रत्येक गावाला हा दिवस मिळतो. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईला आमच्यानंतर दोन दिवसांनी, नाशिकला २० मेच्या सुमारास आणि नागपूरला पार २६ मेच्या जवळपास. जुलैच्या शेवटी सूर्य परतताना पुन्हा एकदा हाच योग येतो, पण तेव्हा वर ढग असतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे हा सोहळा उन्हाळ्याचाच.

साहित्य म्हणजे स्टीलचे पेले, पाण्याची बाटली, कोणाचा तरी क्रिकेटचा स्टंप, आईंचा दाते पंचांगावर भरवसा आणि माझा फोनवर. सव्वाबाराला सगळे अनवाणी येतात आणि गच्ची तापलेली असल्यामुळे परत चपला घालायला पळतात. सावल्या आखडत जातात. पेल्याची सावली पेल्याच्या बुडात शिरते, स्टंपची नाहीशी होते. माणसाची सावली मात्र पूर्ण जात नाही, पायांभोवती एक डबकं उरतं, खांदे आणि पोट ज्याचं जितकं तितकं. वरच्या मजल्यावरच्या काकांचं डबकं सगळ्यात मोठं निघालं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांत सगळं संपतं. मग पन्हं. त्या उन्हात उभं राहून प्यायलेलं पन्हं आणि एसीत बसून प्यायलेलं पन्हं ही दोन वेगवेगळी पेयं आहेत, कैरी आणि गूळ तोच असला तरी.

आंब्याबद्दल लिहिल्याशिवाय सुटका नाही. ज्यांना गाव आहे त्यांच्याकडे पेट्या घरून येतात. आम्ही मंडईत जातो. १८८६ साली उभी राहिलेली ती दगडी अष्टकोनी इमारत आणि भोवतीचे गाळे, गवताचा वास, आणि भाव विचारल्यावर आधी आपल्या चपलांकडे बघणारे विक्रेते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या नावावर. पण मंडईत मानांकन नाकाला लागतं. देठाजवळ वास घ्यायचा. कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या वर्तमानपत्रात गुंडाळून विकणं ही कला इथे चांगली रुजली आहे. आमचा नेहमीचा आंबेवाला सांगतो, ताई, कागद वाचू नका, फळ वाचा.

आम्ही पिकलेला घेत नाही. अर्धा कच्चा घेतो आणि पलंगाखाली अढी लावतो. खाली पेंढा, वर आंबे, देठ एका बाजूला, वर पुन्हा पेंढा. फळातून निघणारा वायू आणि ऊब कोंडून राहते आणि फळ एकेक करून पिकतं. त्यानंतरचे आठ-दहा दिवस त्या खोलीत झोपायला मिळावं म्हणून भांडणं होतात, कारण वास. रोज सकाळी आई वाकून हात घालतात, एकेक आंबा चाचपतात आणि आजचे कुठले ते ठरवतात. या निवडीवर अपील नाही. कापल्यावर साका निघाला, म्हणजे आत तो पांढुरका, आंबट, भुसभुशीत डाग, तर घरात क्षणभर शांतता पसरते. झाडावर फळ जास्त राहिलं आणि खालून जमिनीची धग लागली की साका धरतो, असं आंबेवाल्याचं म्हणणं. बाहेरून अजिबात कळत नाही. रसाला मात्र पायरीच हवी. हापूसचा रस काढणाऱ्यांविषयी मला काही म्हणायचं नाही, त्यांना परवडत असेल. पायरीचा रस पातळ, किंचित आंबट, तिखटमिठाच्या पुरीबरोबर वाट्या मोजायच्या नाहीत असा.

गावाहून येणाऱ्यांचा हेवा वाटतो तो एका गोष्टीचा, करवंदांचा. पुण्यात ती रस्त्यावर पाटीत घेऊन बसलेल्या बायकांकडे मिळतात, घाटावरून, मुळशी-वेल्ह्याकडून आलेल्या. पानाच्या द्रोणात माप घालून देतात. चावल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. माझा नवरा पन्नाशीला आला तरी ऑफिसच्या कपड्यांत, फूटपाथवर उभा राहून, आधी पैज लावतो आणि मग चावतो.

संध्याकाळचा वारा आला की बाहेर पडायचं. कुठे, हे फार महत्त्वाचं नसतं. नाशिकहून सहा वर्षांचा भाचा येतो तेव्हा पेशवे पार्कात फुलराणी. १९५६ साली सुरू झालेली ही छोटी आगगाडी. माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या धाकट्या भावाला तिच्यात बसवलं होतं, नवऱ्याला बसवलं, आणि आता भाच्याला घेऊन तेच रांगेत उभे राहतात. गाडी फिरते त्यापेक्षा रांगेत जास्त वेळ जातो. नंतर सारसबागेच्या चौपाटीवर भेळ, बर्फाचा गोळा, आणि कालाखट्टाने जांभळी झालेली जीभ आरशात बघायची घाई.

सासऱ्यांची स्वतःची संध्याकाळ वेगळी असते. ते वसंत व्याख्यानमालेला जातात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली ही मालिका दर उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये भरते. रोज नवा वक्ता, रोज नवा विषय. जीएसटीपासून ज्ञानेश्वरीपर्यंत काहीही. सासऱ्यांना विषयाशी कर्तव्य नसतं. खुर्ची ठरलेली, शेजारचे दोन मित्र ठरलेले आणि परत येताना “वक्ता बरा होता, पण” हे वाक्य ठरलेलं. त्या पणनंतरचं व्याख्यान आम्ही जेवताना ऐकतो.

रसवंतीला मात्र सगळे एकत्र. पुण्यातल्या इतक्या गुऱ्हाळांना कानिफनाथांचं नाव का, याचं उत्तर सासवडच्या वाटेवर आहे. पुरंदर तालुक्यातल्या बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचं देऊळ आहे आणि या धंद्यात त्या भागातले पुष्कळ लोक आहेत. चरकाला बांधलेले घुंगरू ऐकून पाय आपोआप वळतात. उसाबरोबर लिंबू आणि आल्याचा तुकडा चरकात गेलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, “बर्फ कमी” म्हणून सांगायचं, आणि तरी तो जितका घालायचा तितकाच घालतो.

महिन्यातून एखाद्या शनिवारी पॉट आइस्क्रीम. पॉट भाड्याने मिळतो, लाकडी पिंप, मध्ये धातूचा डबा, वर दांडा. बर्फाची लादी पोत्यात घालून वरवंट्याने फोडायची आणि थर देताना खडे मीठ टाकायचं. मीठ पडलं की बर्फ शून्याच्याही खूप खाली उतरतो आणि डब्यातलं आटवलेलं दूध कडेने धरायला लागतं. आधी लहान मुलं फिरवतात, मग मोठी मुलं, मग दांडा जड झाला की बिहार आणि केरळ. झाकणावरून खारं पाणी आत जाऊ नये म्हणून एक अनुभवी माणूस नुसता देखरेखीला लागतो. ते काम सासरे करतात, खुर्चीत बसून. दुकानातलं आइस्क्रीम यापेक्षा मऊ असतं हे मान्य. सदाशिव पेठेतली आंबा मस्तानी तर मला रात्री अकरालाही नको म्हणवत नाही. पण दांडा फिरवून दुखणाऱ्या हातात आलेल्या वाटीत बर्फाचे कण लागले तरी कोणी बोलत नाही.

आइस्क्रीम संपलं की गाद्या वर येतात. रात्री दहापर्यंत गच्चीची फरशी निवते. शहराच्या उजेडात तारे मोजकेच दिसतात, आणि मोजके असल्यामुळे ओळखायला सोपे. डोक्यावर स्वाती नारिंगी, जरा दक्षिणेला चित्रा पांढरी. आग्नेयेला विंचू नांगी वर काढत उगवतो, त्याच्या छातीत लालसर ज्येष्ठा. आणि दक्षिणेला क्षितिजालगत, मध्ये इमारत आड आली नाही तर, त्रिशंकू. चार ताऱ्यांचा हा पतंग उत्तरेकडच्या लोकांना धड दिसत नाही, दिल्लीत तर तो क्षितिजावर जेमतेम डोकं काढतो. आमच्याकडून तो दोन पाण्याच्या टाक्यांच्या फटीत दिसतो, मेच्या मध्याला साडेनऊ-दहाच्या सुमारास. केरळच्या मुलाने बघितल्या बघितल्या सांगितलं की त्याच्या गावी तो बराच वर असतो. त्या रात्री पहिल्यांदा तो त्याच्या गावाबद्दल बोलला, आणि बराच वेळ बोलला. त्यालाही सुट्टी नव्हती.

मग एके दिवशी दुपारी चारला पूर्वेकडून अंधारून येतं. वळीव. धुळीचा लोट, दारं आपटतात, गच्चीवरच्या दोरीवरचे कपडे शेजारच्या सोसायटीत जातात, आणि कधी नुसत्या चार थेंबांवर भागतं तर कधी गारा. गारा वेचायला वय लागत नाही. वाळवण उचलायला मात्र सगळी इमारत धावते, ज्यांचं नाही तेही. टेकडीवर दुसऱ्या दिवशी नवरंग आलेला असतो, झाडीत शिट्टी वाजवत, पावसाच्या पुढे आलेला.

त्यानंतर लोणच्याच्या कैऱ्या. हा मेचा शेवट आणि घरातल्या मोठ्या मतभेदाची सुरुवात. मंडईबाहेर मोठा अडकित्ता फळीवर ठोकून कैऱ्या फोडून देणारे बसतात. कैरी तुमची, फोडी त्यांच्या, मजुरी किलोवर. कोयीचं कवच फोडीला राहिलं पाहिजे, म्हणजे फोड वर्षभर करकरीत राहते, यावर आईंचं आणि माझं एकमत आहे. पुढे नाही. या वर्षी फोडणाऱ्याने पहिली कैरी पात्याखाली धरून विचारलं, “फोडी केवढ्या?”

“बोटाच्या पेराएवढ्या,” आई म्हणाल्या.

“जरा मोठ्या,” मी म्हणाले. “बारीक फोडींचा महिन्याभरात लगदा होतो.”

“तुझ्या माहेरी होत असेल.”

त्याने आमच्याकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं, आमची पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, “ठरवून सांगा मावशी, तोवर यांच्या घेतो.”